व्यासपीठावर कोणतं बायबल?

पिंपरी-चिंचवडमधल्या मराठी मंडळीत रविवारच्या उपासनेला शास्त्रपाठ सुरू झाला, की एक गोष्ट हमखास जाणवते. पाळक व्यासपीठावरून वचन वाचतात आणि बाकांवर त्यांच्याबरोबर पुटपुटत वाचणाऱ्यांचे शब्द वेगळेच पडतात. आजीच्या मांडीवर बायबल सोसायटीची जुनी, काळ्या पुठ्ठ्याची प्रत असते. कारखान्यात सुपरवायझर असलेल्या मुलाच्या मोबाइलवर सोप्या मराठीतलं नवं भाषांतर असतं. इंग्रजी शाळेत जाणारी नात सरळ इंग्रजीच वाचत असते. वचन एक आणि वाक्यं तीन. उपासना संपल्यावर कुणीतरी विचारतंच, "पाळकसाहेब, यातलं बरोबर कोणतं?"

या पट्ट्यात हा प्रश्न जास्त तीव्र होण्याचं कारण इथल्या वस्तीत आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, मग एमआयडीसीचे टप्पे पडत गेले, आकुर्डी-भोसरीत मोटारी आणि स्कूटरींचे कारखाने उभे राहिले आणि पुढे चाकणपर्यंत हीच रांग लांबत गेली. कामासाठी आलेल्या माणसांत नगर, मराठवाडा, सोलापूरकडची ख्रिस्ती कुटुंबं होती. केरळ, तमिळनाडू, गोवा, वसई इथलीही होती. प्रत्येकाने ट्रंकेतून आपापलं बायबल आणलं आणि त्याबरोबर आपल्या गावच्या पाळकाने शिकवलेली ठाम मतंही आणली.

'बरोबर कोणतं' याचं उत्तर एका दमात देऊन मोकळं होता येतं. पण मराठी बायबल आजवर कसकसं घडलं ते पाहिलं, की दुसरं उत्तर हाती लागतं, आणि ते जास्त पक्कं आहे. ज्या ज्या वेळी भाषांतरकाराने आपलं काम दुसऱ्याच्या नजरेखाली घातलं, त्या त्या वेळी मराठी बायबल अधिक विश्वासार्ह झालं. मूळ भाषा जाणणारा, मराठीत जन्मलेला, ऐकणारा, नापसंती दाखवणारा, अशा सगळ्यांच्या नजरा त्यात आल्या. पाळकाच्या अंगची नम्रता इथे नुसत्या स्वभावाची बाब राहत नाही, ती कामाची पद्धत होते.

ही पद्धत या मातीला परकी नाही. 'विश्वासार्ह प्रत कोणती' हा प्रश्न इंद्रायणीकाठी बायबल यायच्या कितीतरी आधी विचारला गेला होता. ज्ञानेश्वरी लिहिली गेल्यानंतर तीनशे वर्षांत नकला करणाऱ्यांच्या हातून पाठ बिघडले होते, ओळी घुसल्या होत्या. पैठणच्या एकनाथांनी निरनिराळ्या प्रती समोर ठेवून शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, शुद्ध प्रत सिद्ध केली आणि यापुढे कुणी आपल्या पदरच्या ओव्या यात मिसळू नयेत, असं बजावून ठेवलं. त्यांना आळंदीला जाण्याचा दृष्टांत झाला, ही परंपरेची कथा. काम मात्र संपादकाचं होतं. स्वतः मोठे कवी असूनही त्यांनी इथे आपली कविता बाजूला ठेवली.

तुकोबांच्या गाथेचीही तीच गोष्ट. चाकणच्या तेली घराण्यातले संताजी जगनाडे तुकोबांचे टाळकरी, आणि अभंग उतरवून घेणारे म्हणून ओळखले जातात. चाकणजवळच्या सुदुंबऱ्याला त्यांची समाधी आहे. पुढे १८६९ मध्ये मुंबई सरकारच्या मदतीने इंदुप्रकाश छापखान्यातून गाथेची आवृत्ती निघू लागली, तेव्हा विष्णुशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर इथल्या हस्तलिखितांचा आधार घेतला. त्यात साडेचार हजारांच्या वर अभंग आले. तुकाराम तात्यांच्या संग्रहात आकडा आठ हजारांपलीकडे गेला. विसाव्या शतकात विनायक लक्ष्मण भावे यांनी जगनाड्यांच्या वह्यांवरून वेगळीच गाथा छापली. प्रती वेगळ्या निघाल्या म्हणून वारकऱ्याचा तुकोबांवरचा विश्वास ढळला नाही. मात्र संपादकावर एक जबाबदारी आली. कोणता अभंग कुठल्या वहीतून घेतला, हे त्याने सांगायचं.

ख्रिस्ती धर्मग्रंथ मराठीत पहिल्यांदा आला तो भाषांतर म्हणून नव्हे. १५७९ मध्ये गोव्यात उतरलेले इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स यांच्याकडे नव्याने ख्रिस्ती झालेल्यांनी आपल्या जुन्या पुराणांसारखं काहीतरी वाचायला मागितलं. स्टीफन्सनी ओवीबद्ध मराठीत सुमारे अकरा हजार ओव्यांचं 'क्रिस्तपुराण' रचलं आणि ते १६१६ मध्ये रोमी लिपीत छापलं गेलं. पहिल्या तीन आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उरलेली नाही, ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांतून. त्याची मराठी रसाळ आहे. पण स्टीफन्सनी आपण बायबलच देत आहोत असा आव आणला नाही. कथा आपण आपल्या शब्दांत सांगतो आहोत, हे त्यांनी पुराण या प्रकारातूनच उघड केलं. अशी स्पष्टता आजही भाषांतर निवडणाऱ्याला उपयोगी पडते. वचनाचं भाषांतर आणि वचनाचं सुगम कथन या दोन वस्तू आहेत. दोन्ही घरात असाव्यात, पण एकीला दुसरीचं नाव देऊ नये.

पहिला छापील मराठी नवा करार निघाला तो महाराष्ट्रात नव्हे, बंगालमध्ये. इंग्लंडातला चांभारकाम केलेला विल्यम कॅरी १७९३ मध्ये कलकत्त्याला आला. पुढे बंगालमधल्याच श्रीरामपूरला राहून फोर्ट विल्यम कॉलेजात तो बंगाली, संस्कृत आणि मराठी शिकवू लागला. १८०५ मध्ये त्याने मराठीचं व्याकरण छापलं, १८१० मध्ये कोश. त्याच्या हाताशी वैजनाथ शर्मा हे पंडित होते. १८११ मध्ये नवा करार आला. पुढच्याच वर्षी मार्चमध्ये श्रीरामपूरच्या छापखान्याला आग लागली आणि कितीतरी खिळे, कागद, हस्तलिखितं जळून गेली. कॅरी आणि त्याच्या सोबत्यांनी पुन्हा साचे ओतले, पुन्हा कामाला लागले आणि जुना करारही पुरा करत आणला.

आणि तरीही ते भाषांतर इथे रुजलं नाही. पंडित नागपूरकडचे, छापखाना हुगळीकाठी आणि वाचणारे कोकणात, देशावर. मुंबईच्या मिशनऱ्यांना ती मराठी परकी वाटली, लोकांना नीट उमगेना. कॅरीच्या कष्टांत किंवा निष्ठेत खोट काढता येत नाही. पण ज्यांच्यासाठी लिहिलं, ते त्याच्या खोलीत बसलेले नव्हते. चूक कुठे झाली हे सांगणारा वाचक शेकडो कोस दूर होता.

कॅरीच्या वर्तुळात त्याच काळी दुसराही एक पेच तयार होत होता. बाप्तिस्म्यासाठी मूळ ग्रीक शब्द तसाच ठेवायचा, की पाण्यात बुडवणं असा अर्थ देणारा शब्द वापरायचा? बॅप्टिस्ट मंडळींच्या दृष्टीने हा विश्वासाचा गाभा होता. ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटीला मात्र सगळ्या पंथांना चालेल असं बायबल हवं होतं. १८३० च्या दशकात तिने बुडवण्याचा अर्थ देणाऱ्या बंगाली भाषांतराला पैसे द्यायचं नाकारलं आणि १८४० मध्ये बॅप्टिस्टांनी वेगळी संस्था काढली. मराठीत 'बाप्तिस्मा' हाच शब्द रूढ झाला. एका शब्दात आपल्या पंथाची शिकवण पेरायची, की तो शब्द खुला ठेवून अर्थ सांगण्याचं काम पाळकावर सोपवायचं, हा निर्णय भाषांतरकारांना तेव्हाही टळला नाही आणि आजच्या भाषांतरकारांनाही टळत नाही. नवं भाषांतर हाती घेणाऱ्या पाळकाने पहिल्यांदा हेच पाहायला हवं. ते कोणा एका पंथाने आपल्यापुरतं केलं आहे, की निरनिराळ्या मंडळ्यांचे लोक एका टेबलाशी बसले होते?

मुंबईत ते टेबल हळूहळू मांडलं गेलं. १८१३ च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले, पुढच्या वर्षी सॅम्युएल न्यूएल आले. १८१३ मध्येच मुंबईत बायबल सोसायटीची शाखा निघाली. या लोकांनी बाजारात, देवळांच्या ओट्यांवर, वाटेवर बोलून मराठी शिकली. लिहिलेलं वाचून दाखवायचं, ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर गोंधळ दिसला की वाक्य पुन्हा मांडायचं, असा क्रम असे. न्यूएल १८२१ मध्ये पटकीने गेले. हॉल १८२६ च्या मार्चमध्ये नाशिक-त्र्यंबकच्या प्रवासात पटकीनेच गेले. त्याच वर्षी मुंबईत मराठी नवा करार छापून पुरा झाला. ज्याने त्यावर वर्षानुवर्षं घालवली, तो माणूस त्याचा वापर पाहायला उरला नाही.

हा नवा करार छापणाऱ्या अमेरिकन मिशनच्या छापखान्याचा मराठीवर आणखी एक उपकार आहे. टॉमस ग्रॅहमच्या हाताखाली तिथे देवनागरी खिळे सुबक होत गेले, आणि तिथेच लहानपणी कामाला लागलेले जावजी दादाजी पुढे निर्णयसागर छापखान्याचे संस्थापक झाले. मराठी बायबलसाठी घासून-पुसून तयार झालेली अक्षरकला वेद, काव्यं आणि नाटकं छापायलाही कामी आली.

१८४७ पर्यंत जुना करारही पूर्ण झाला. मग लगेच दुरुस्ती सुरू झाली, आणि या इतिहासातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग तोच आहे. अमेरिकन, स्कॉटिश, इंग्लिश मिशनांचे लोक समितीत बसत. त्यांच्यासोबत मराठी पंडित असत. मुखपृष्ठावर बहुधा त्यांची नावं येत नसत, पण वाक्याला मराठी वळण त्यांच्यामुळेच येई. छापून झालेला ग्रंथ पवित्र आणि म्हणून अस्पर्श, अशी त्यांची समजूत नव्हती. देवाचं वचन अढळ आहे, आपलं भाषांतर तपासावं लागेल, हा फरक त्यांनी कधी विसरू दिला नाही.

पुढे मराठी ख्रिस्ती माणूस पंडिताच्या जागेवरून संपादकाच्या जागेवर आला. बाबा पदमनजी यांचा जन्म १८३१ साली बेळगावचा. १८५४ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 'यमुनापर्यटन' ही १८५७ ची कादंबरी त्यांची, आणि 'अरुणोदय' हे आत्मचरित्रही त्यांचंच. पुण्यात त्यांनी पाळकाचं काम केलं, नंतर लेखन आणि संपादनाला वाहून घेतलं, नव्या करारावर टीका लिहिली. व्यासपीठावरून बोललेला शब्द लोकांपर्यंत कसा पोचतो, हे पाळकपणात कळतं. छापलेला शब्द पन्नास वर्षं कसा टिकतो, हे संपादनात कळतं. पदमनजींनी दोन्ही अनुभव घेतले, म्हणून त्यांच्या हाताखालून गेलेल्या ख्रिस्ती मराठीत मिशनरी मराठीचा अवघडपणा कमी होत गेलेला दिसतो.

आता केडगाव. पुणे-सोलापूर रेल्वेमार्गावरचं, दौंड तालुक्यातलं हे गाव पिंपरीहून दोन-अडीच तासांच्या अंतरावर आहे. इथे पंडिता रमाबाईंनी जे केलं, त्याला मराठी बायबलच्या इतिहासात जोड नाही.

अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही मुलगी १८५८ मध्ये जन्मली. वडिलांनी तिला संस्कृत शिकवलं, म्हणून लोकांचा रोष पत्करला. कलकत्त्याच्या पंडितांनी १८७८ मध्ये तिची परीक्षा घेऊन 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरव केला. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजच्या मठात तिने बाप्तिस्मा घेतला, आणि लगेच धर्मगुरूंशी तिचे खटके उडू लागले. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन आणि चेल्टनहॅमच्या डोरोथिया बील यांच्याशी तिने केलेला पत्रव्यवहार प्रसिद्ध आहे. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मान सोडवून घेतल्यावर दुसऱ्याच्या जोखडाखाली ती घालणार नाही, बायबल आपण आपल्या सदसद्विवेकाने वाचू, असं तिने स्पष्ट कळवलं. वडीलधाऱ्यांना हा उद्धटपणा वाटला. पण तिचं पुढलं आयुष्य पाहिलं की वेगळाच उलगडा होतो. जी बाई माणसाच्या शब्दापुढे सहज वाकत नव्हती, ती मूळ मजकुरापुढे अक्षर अक्षर वाकली.

१८८९ मध्ये मुंबईत शारदासदन, मग पुणे, मग केडगावची जमीन. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो अनाथ मुली आणि विधवा तिने केडगावला आणल्या. मुक्ती मिशन उभं राहिलं. या बायका-मुली बायबल वाचायला लागल्या, तेव्हा रमाबाईंच्या लक्षात आलं की छापील बायबलची मराठी त्यांच्या डोक्यावरून जाते. संस्कृत शब्दांची गर्दी होती. शिवाय काही शब्द हिंदू दर्शनांतून आलेले असल्याने वाचणारीला भलताच अर्थ कळायचा. संस्कृतात पारंगत असलेल्या बाईनेच संस्कृत कमी करायचं ठरवलं, आणि ज्या विद्येने तिला नाव मिळवून दिलं ती विद्या तिने अडाणी मुलींच्या समजुतीपुढे खाली ठेवली.

चाळिशी उलटल्यावर त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. इंग्रजीवरून मराठी करणं सोपं होतं, पण त्या वाटेने त्या गेल्या नाहीत. मुलींसाठी मराठीतून हिब्रूचे धडे त्यांनी तयार केले. मुक्तीमध्ये छापखाना होता, आणि तिथलं दृश्य त्या काळच्या हिंदुस्थानात दुसरीकडे मिळालं नसतं. खणाखणांच्या लाकडी पेट्यांतून मुली चिमटीने एकेक खिळा उचलून जुळवणीच्या काठीत ओळ लावत, आणि त्यात देवनागरीबरोबर हिब्रू आणि ग्रीकही असे. उलटी अक्षरं वाचायला शिकायची, शाई लावायची, कच्चं मुद्रित काढायचं, चुका खुणा करून परत पाठवायच्या, कागद दुमडायचे, शिवायचे, बांधायचे. यातल्या कितीतरी जणी काही वर्षांपूर्वी दुष्काळातून हाडांचा सापळा होऊन आल्या होत्या. आता पवित्र शास्त्राची ओळ चुकली तर ती त्यांच्या नजरेस पडत होती.

हे काम पंधरा वर्षांहून अधिक चाललं. १९२१ च्या जुलैमध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. रमाबाई थांबल्या नाहीत. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या, तोवर भाषांतर हातावेगळं झालं होतं. शेवटची मुद्रितं पाहून होईपर्यंत आयुष्य मिळावं अशी प्रार्थना त्या करत होत्या, असं मुक्तीत सांगतात. १९२४ मध्ये संपूर्ण बायबल छापून निघालं. एका बाईने एकटीने सगळं बायबल मूळ भाषांतून उतरवल्याची त्याआधीची ठळक नोंद अमेरिकेतल्या ज्युलिया स्मिथ यांची, १८७६ ची.

तरीही मराठी मंडळ्यांच्या व्यासपीठावर बायबल सोसायटीची सुधारलेली आवृत्तीच राहिली. रमाबाईंचं भाषांतर आदराने सांभाळलं गेलं, मुक्तीशी जोडलेल्या लोकांत वाचलं गेलं, पण सार्वत्रिक झालं नाही. यात अन्याय शोधण्यापेक्षा एक गोष्ट समजून घेतलेली बरी. एका प्रज्ञावंत व्यक्तीचं भाषांतर एकसंध आणि तेजस्वी असतं. पण तिच्या आवडीनिवडी आणि तिच्या लक्षात न आलेल्या त्रुटीही त्यात राहून जातात, कारण त्यांवर बोट ठेवायला शेजारी तिच्या तोडीचं कुणी नसतं. समितीचं भाषांतर कधी कधी सपाट होतं, मात्र प्रत्येक वाक्याला पाच-सहा जणांशी झगडून जागा मिळवावी लागते. शहाणा पाळक उपासनेत दुसरं ठेवतो आणि अभ्यासाच्या टेबलावर पहिलंही ठेवतो.

रमाबाईंच्याच काळात नारायण वामन टिळकांनी निराळी वाट धरली. नागपूर-राजनांदगाव प्रवासात १८९३ च्या सुमारास आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. डोंगरावरच्या प्रवचनाशी ते थबकले आणि १८९५ मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो, असं ते सांगत. देहूच्या पंचक्रोशीतल्या ख्रिस्ती माणसाला हे वाक्य वेगळं समजावून द्यावं लागत नाही. त्यांनी बायबलचं भाषांतर केलं नाही, 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य हाती घेतलं. १९१९ मध्ये ते गेले तेव्हा काव्य अर्धवटच होतं, आणि उरलेलं बहुतेक त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी लिहिलं. स्टीफन्सच्या पुराणाची आणि टिळकांच्या ख्रिस्तायनाची जात एक. भाषांतराला पाय रोवायला जी भाषेची जमीन लागते, ती अशा काव्यांनी नांगरली.

कॅथलिक मंडळींची चाल उशिराची, पण तितकीच ठाम. १९६२ ते १९६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा लोकभाषेत होऊ लागली, बायबल घराघरांत वाचावं असा आग्रह धरला गेला, आणि भाषांतराच्या कामात इतर ख्रिस्ती मंडळ्यांबरोबर बसायलाही मुभा मिळाली. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' सिद्ध केलं. ते 'सुवार्ता' मासिकाचे संपादक होते, वसईच्या पर्यावरण चळवळीत उभे राहिलेले धर्मगुरू होते. त्यांच्या बायबलला प्रस्तावना, टिपा, इतिहासाची ओळख आहे. वाचकाच्या हाती फक्त निकाल न देता तो कसा आला हेही त्यांनी दिलं. 'सुबोध बायबल - नवा करार' या ग्रंथाला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. बायबलच्या भाषांतराला मराठी साहित्याने आपलं मानलं, असा तो क्षण होता.

आता पुन्हा त्या प्रश्नाकडे यायला हवं, कारण तो नुसत्या शैलीचा नाही. कधी कधी वचनच गायब दिसतं. मत्तयाच्या सतराव्या अध्यायातलं एकविसावं वचन काही आवृत्त्यांत चालू मजकुरात येतं, काहींत कंसात, काहींत तळटीपेत. मार्काच्या शुभवर्तमानाचा शेवट, सोळाव्या अध्यायातल्या नवव्या वचनापासून पुढचा, सगळ्यांत जुन्या ग्रीक हस्तलिखितांत नाही. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची गोष्ट योहानाच्या आठव्या अध्यायात आपण ऐकत आलो, पण तीही सगळ्यांत जुन्या प्रतींत सापडत नाही. मुंबईत १८२६ मध्ये काम करणाऱ्यांच्या हाती जी ग्रीक प्रत होती, ती नंतर मिळालेल्या हस्तलिखितांपेक्षा उशिराच्या प्रतींवर आधारलेली होती. एकोणिसाव्या शतकात जुनी हस्तलिखितं अभ्यासकांपुढे आली, तशा टिपा वाढल्या.

उपासनेनंतर कुणी मोबाइल पुढे करून "यात वचन गाळलंय, हे बायबल खोटं आहे का?" असं विचारतं, तेव्हा पाळकाची खरी कसोटी लागते. एक सोपं उत्तर म्हणजे नव्या भाषांतरावर कटाचा आरोप करणं. दुसरं, जुन्या प्रतीला अडाणी ठरवून आजीला गप्प बसवणं. दोन्हींत पाळकाचा अधिकार वाढतो आणि विचारणाऱ्याचं ज्ञान आहे तिथेच राहतं. तिसरं उत्तर वेळ खातं. हस्तलिखितांत फरक आहेत, ते कुठे आहेत हे संपादकांनी लपवलेलं नाही, ख्रिस्ती विश्वासाचा एकही पाया त्या एका वचनावर टेकलेला नाही, आणि एवढं सांगूनही काही मला ठाऊक नसेल तर मी विचारून पुढच्या रविवारी सांगेन. हे शेवटचं वाक्य व्यासपीठावरून उच्चारायला जड जातं. पण ज्या मंडळीत ते उच्चारलं जातं, तिथे माणसं बायबल उघडून प्रश्न विचारायला धजतात.

विचारायला जागा लांब नाहीत. पोप यांचं धर्मविद्यालय १९५५ मध्ये श्रीलंकेतल्या कँडीहून पुण्यात आलं, त्यातूनच पुढे ज्ञानदीप विद्यापीठ उभं राहिलं. यवतमाळची युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ मध्ये बिबवेवाडीला आली. हिब्रू-ग्रीक शिकवणारे आणि शिकलेले लोक या दोन्हींमुळे पुण्यात आहेत. चाकणच्या भाड्याच्या हॉलमध्ये उपासना घेणाऱ्या, आठवडाभर नोकरी करून रविवारी उपदेश देणाऱ्या पाळकाला ही सोय शंभर वर्षांपूर्वी नव्हती. तेव्हा रमाबाईंना ती स्वतःच उभी करावी लागली होती.

मग निवड कशी करावी? इतिहासातून चार खुणा मिळतात, आणि त्या कुठल्याही पाळकाला उपासनेआधीच्या अर्ध्या तासात तपासता येतात. प्रस्तावना वाचावी. भाषांतर मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलं, की इंग्रजीवरून, हे तिथे लिहिलेलं असतं, आणि लिहिलेलं नसेल तर तीही एक खूण आहे. काम करणारे कोण आणि किती मंडळ्यांचे, हे पाहावं. हस्तलिखितांतले फरक टिपांत दाखवलेत का, हे पाहावं. आणि एक अध्याय मोठ्याने वाचून दाखवावा. मात्र तो मित्रपाळकांसमोर नको. तिसऱ्या पाळीहून थेट उपासनेला आलेल्या कामगारासमोर आणि दहावीतल्या मुलीसमोर वाचावा. जिथे त्यांचं लक्ष अडखळतं, तिथे खूण करून ठेवावी. कॅरीला नेमकी हीच सोय नव्हती.

याला जोडून एक काम या पट्ट्यातल्या मंडळ्यांनी हाती घ्यावं असं आहे. नगर, जालना, सोलापूरकडून ट्रंकांतून आलेली जुनी बायबलं घराघरांत पडून आहेत. काही गेल्या शतकाच्या पहिल्या दशकांतली, काही केडगावची, काहींच्या समासात आजोबांनी पेन्सिलीने केलेल्या खुणा. घरं बदलताना, फ्लॅट लहान पडताना ती रद्दीत जातात. प्रत्येक मंडळीने एक कपाट यासाठी मोकळं करावं, प्रतीवर छापल्याचं साल आणि कोणत्या गावाहून आली ते लिहावं. बायबल अभ्यासाच्या संध्याकाळी एखादा उतारा १८२६ च्या परंपरेतला, रमाबाईंचा, सोसायटीचा आणि दिब्रिटोंचा, असा चार प्रतींतून पाळीपाळीने वाचावा. वाचणारे मंडळीतलेच असावेत, आणि पाळकाने त्या संध्याकाळी समोर उभं न राहता बाकावर बसून ऐकावं.